रचनाचा नांगर

३ मार्च
रचना येतेय! कायमची! आत्ताच फोन आला. बोट विकली म्हणाली. सुटले बाई!

काय ती बोट. घोडबंदर रोडची एसीतली नोकरी सोडून पोरगी थायलंडला गेली आणि शिडाच्या बोटीवर राहिली. तीन वर्षं. गोऱ्या लोकांना समुद्रात फिरवायचं आणि परत तिथंच आणून सोडायचं. ही काय नोकरी? एसटी निदान कुठंतरी पोचवते.

सामान आधी जहाजानं येणार, ती मागनं विमानानं. काय काय आणतेस गं, विचारलं. म्हणाली, "शिडं, दोर, जॅकेटं, शेगडी, भांडीकुंडी. आणि आजी, नांगर पण आणतेय. चांगलाय, नाही विकला."

नांगर! म्हणजे नातीनं जमीन घ्यायचं ठरवलंय.

४ मार्च
आनंदानं झोप नाही. आमच्या घरात नांगर कधी नव्हता. जमीनच नव्हती, नांगर कशाला असेल? सासऱ्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात दुसऱ्याचा नांगर धरला. आमचे हे, धोंडिबा, इकडे मोहने इथल्या कंपनीत लागले आणि गाव सुटलं. आज असते तर पेढे आणले असते. नांगर, तोही फॉरेनचा!

तिच्या बापाला, महेंद्रला सांगितलं. मोबाईलमधून मान वर न काढता "हं" म्हणाला. पोटचा मुलगा आहे, पण खरं सांगते, त्याच्यापेक्षा आमचा फ्रीज जास्त बोलतो.

सूनबाई माया म्हणाली, "आई, एवढा पसारा ठेवायचा कुठे?" मायाला वाटतं तिचा राजवाडा आहे. हॉलमध्ये ठेव म्हणलं, मी झोपते तिथं. मला चालेल.

७ मार्च
समोरच्या विमलाबाईला जिन्यात गाठून सांगितलं — नात शेती करणार. काय तोंड झालं तिचं! कारलं खाल्ल्यासारखं.

११ मार्च
सामानाच्या एजंटाचा फोन. रचनानं माझा नंबर दिलाय, महेंद्र उचलत नाही म्हणून. एजंट म्हणजे मला वाटलं कोणी मोठा साहेब. छे! तोंडात गुटखा, शब्द बाहेर यायला जागा नाही.

"आजी, मॅडमचा मेल खुलत नाय. सामान काय काय, तुम्हीच बोला ना."
सांगितलं सगळं. नांगर आला तसा थांबला.
"नांगर? म्हणजे शेतीचा?"
"मग काय लग्नाचा?"
"पक्का ना? लिहितो हां."
"लिही बाबा. लिहिता येतं ना?"

मी चौथी शिकलेली. ह्याला विचारलं असतं कितवी, पण फोन ठेवला त्यानं.

२२ मार्च
सामान बंदरावर अडकलं! कागदावर शेतीचं अवजार आणि पेटीत निघालं भलतंच, म्हणून. भलतंच म्हणजे काय?

विमलाबाई दारात होतीच. ती कुठं नसते? तिचं गाव मालवणकडचं. आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "अगो मंजुळाबाई, बोटीचो नांगर तो! पाण्यात टाकतत, बोट जाव नये म्हणान!"

हसू दे. मी म्हणते, एवढा समुद्र ह्यांच्याकडे आणि स्वतःचा एक शब्द नाही? आमचा उचलला! आमचा नांगर माती उकरत पुढं जातो. ह्यांचा टाकला की सगळं जागच्या जागी. काम उलटं आणि नाव तेच! आळशी लोक.

जमिनीचं मात्र गेलं. रडले बिडले नाही. मेथी निवडली.

२३ मार्च
मेथी कडू निघाली.

२८ मार्च
आली! काळी पडलीय, वाळलीय, हात दगडासारखे — पण आली! विमानतळावरून थेट बंदरावर गेली, सामान सोडवलं आणि त्याच टेम्पोत बसून घरी. एजंट तिला म्हणे, "आजीने शेतीचा बोलला." रचना म्हणाली, "मेल उघडता येत नाही तर एजंट कशाला झालात?" शाब्बास! माझ्यावर गेलीय.

मला मात्र हळूच विचारलं, "आजी, शेतीचा?"
"तू नीट सांगायचं होतंस."
कितीतरी वेळ हसत होती. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. जमीन-बिमीन काही नको. पोरगी इथं राहू दे, एवढंच पाहिजे मला.

नांगर माझ्या पलंगाखाली सरकवला. मायाला ठेच लागली. बघून चालायचं असतं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

५ एप्रिल
शीड धुवून गच्चीवर पसरलं होतं. त्यावर मी कुरडया घातल्या. काय कापड! एक कुरडई चिकटली नाही. रचना किंचाळली, "आजी, ते शीड आहे!" म्हणलं, वारा धरतं ना? मग कुरडई धरायला काय होतंय?

विमलाबाई जुन्या साडीवर घालते. तिच्याकडे अर्ध्या कुरडया साडीच खाते.

सेक्रेटरी तानाजीराव आले. "आजी, गच्ची सगळ्यांची आहे." म्हणलं, कुरडया पण सगळ्यांना देईन, तुम्हाला सोडून. गेले. पाण्याची टाकी गळते ती ह्यांना दिसत नाही, माझं शीड दिसतं.

रचनाची गादी माझ्या पलंगाशेजारी. जेवणं झाली की समुद्राचं सांगत बसते. मी म्हणते, थापा! आणि मग विचारते, पुढं?

१४ एप्रिल
जयंती. सकाळी विहारात वंदना. रचना पांढऱ्या साडीत काय दिसत होती! दुपारपासून मंडळाचा डीजे. बाबासाहेबांनी शिका म्हणलं, ह्यांनी स्पीकर लावायला शिकून घेतलं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

जो तो पोरीला विचारतो, "आता कायमची ना?" ती वर झेंड्याकडे बघत होती. लोकांना वाटलं भक्ती. वारा कुठून येतोय ते बघत होती ती! मला कळलं. कोणाला सांगितलं नाही.

१९ एप्रिल
मायाची बहीण आली. घोडबंदर रोडला राहते म्हणून आमच्याकडे पाणी बाटलीतलं पिते. रचनाला नोकरी आणलीय तिनं. सोमवारी मुलाखत, पगार भारी. "बाकी ते भंगार विकून टाका, एक हॉटेलवाला ओळखीचा आहे, भिंतीवर लावेल." शीड भिंतीवर! अक्कल बघा.

तेवढ्यात रचनानं सांगितलं — तिलाही फोन आलाय, तारकर्लीहून. पोरांना शिडाची बोट शिकवायची. राहायला खोली देतात. सगळं सामान घेऊन या म्हणालेत.

महेंद्र पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलला, "आता पुरे झालं तुझं." माया रडायला लागली. बहिणीनं बाटलीतलं पाणी पाजलं.

रचना म्हणाली, "आजी सांगेल तसं. आजी म्हणाली राहा, तर सोमवारी जाते मुलाखतीला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी रिमोट कुठंय एवढंच विचारतात. म्हणलं, उद्या सांगते.

तारकर्ली! विमलाबाईच्या गावाजवळ. देवा, दुसरी जागाच नव्हती?

२० एप्रिल
जा म्हणलं.

टेम्पो गुरुवारी येतोय. ड्रायव्हरला फोन करून पुढच्या सीटवर दोघींची जागा ठेवायला सांगितली. रचनाला अजून माहीत नाही.