‘या, बसा’मधला स्वल्पविराम

बाई, आज संस्थेच्या नव्या इमारतीवर बोर्ड लागला. आपली स्वतःची जागा, आणि दारावर तेच दोन शब्द, जे भाड्याच्या खोलीवर तुम्ही मला पहिल्यांदा लिहायला लावले होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

सातवीत शाळा सोडून मी रविवार कारंजाजवळ एका पेंटरच्या हाताखाली लागलो होतो. लिहिलेलं अक्षर शुद्ध आहे ना, हे बघायला पुन्हा पुन्हा मागे फिरायचो. घराला कुलूप लावलं तरी अर्ध्या रस्त्यातून परत यायचो. पेंटर म्हणायचा, “ह्याचा स्क्रू ढिला झालाय.” शुद्धलेखन तुम्ही शिकवलेलं, म्हणून आईनं मला तुमच्यासमोरच आणून उभं केलं. तुमचा धाकटा भाऊ तेव्हा मेंटल हॉस्पिटलातून घरी आला होता आणि त्याच्यासाठी तुम्ही पंचवटीत तळमजल्याची एक खोली घेतली होती. माझ्यासारखे आणखी काही जण दुपारी तिथे यायचे, शेंगा सोलायचे, बोलायचे, नाही तर गप्प बसायचे. संस्था म्हणजे एवढीच.

तुम्ही मला खारीच्या केसांचा ब्रश आणून दिला आणि बोर्ड सांगितला. मी ‘मनोरुग्ण साहाय्य केंद्र’ लिहिलं, ‘रु’ ह्रस्व आहे ना हे पाहता पाहता तो इतक्यांदा गिरवला की रंगाला फुगवटा आला. तुम्ही ओरडलात, “अक्षर केव्हाच शुद्ध झालंय. आता तू अक्षर नाही, तुझी भीती रंगवतोयस. ठेव तो ब्रश!” रंग वाळायच्या आत घरमालक वरून उतरले. “बाई, यंदा मुलीचं जमवायचंय. हा शब्द दिसला तर पाहुणे दारातूनच परत जातील. बोर्ड उतरवा, नाही तर खोली सोडा.” खोली गेली असती तर पुन्हा ज्याचा तो आपापल्या घरात कोंडला गेला असता. तुम्ही शांतपणे म्हणालात, “शब्द काढते. माणसं नाही काढणार.”

मग भावाकडे बघत तुम्ही म्हणालात, “हा परत आल्यापासून एकाही घरात ह्याला कुणी ‘या, बसा’ म्हटलेलं नाही. तेच लिही.” मी विचारलं, “मध्ये स्वल्पविराम येईल ना?” तुम्ही हसलात. “येईलच. ‘या’ म्हटल्यावर माणसाला आत यायला वेळ नको?”

लोकांना ते चहाचं दुकान वाटलं! गंगेच्या घाटावर आंघोळ करून येणारे सरळ आत शिरून बाकावर बसायचे. भाऊ खुशीत स्टोव्ह पेटवायचा. चांदवडकडचा एक कांदेवाला आठवतो. चहा पिऊन तो खिसा चाचपायला लागला.

“पैसे नाहीत घेत,” तुम्ही म्हणालात.

“मंग दुकान चालतं कसं? अन् चा तर लय ग्वाड हाय.”

“दुकान नाही हे. माझा भाऊ आजारी होता, मनानं. त्याला माणसं आलेली आवडतात.”

त्यानं भावाकडे पाहिलं. रिकामी बशी बाकावर ठेवली. मग हळूच म्हणाला, “आमचं बी एक पोरगं हाय. कुनाशी बोलत नाय, कोठीतनं भायेर येत नाय. त्याला आनलं तर चालंल?”

“आणा की. बसेल.”

तो घेऊन आला. त्याचं ऐकून आणखी आले, विंचूरहून, पेठहून. टांगेवाले विचारायला लागले, “कुठं, या-बसाला का?” घरमालकांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा वर जागा पुरेना, म्हणून त्यांना आपल्याच बाकांवर बसवलं. भावानं केलेला चहा त्यांनी मागून घेतला. लग्न जमलं, बाई, आणि पहिला पेढा घरमालकांनी भावाच्या हातावर ठेवला. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याही बोर्डावर लिहू शकलो नाही.

आता इमारत झाल्यावर कमिटीत एक गृहस्थ म्हणाले, “नाव जरा भारदस्त हवं.” कांदेवाल्याचा तो मुलगा आता येणाऱ्यांची चौकशी करतो, दिवसभर बोलतो. तो उठून म्हणाला, “साहेब, मग आलेल्या माणसाला काय म्हणू? उभे राहा?” ते गृहस्थसुद्धा पोट धरून हसले. नाव तेच राहिलं.

आज मीच शिडीवर चढलो. अक्षरं तयार होऊन आली होती; तुमच्याच ब्रशनं, केस झडलेत त्याचे, फक्त स्वल्पविराम रंगवला. एकदाच. खाली उतरलो, ब्रश धुतला आणि मागे न बघता गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुमच्याशी खोटं बोलवत नाही. टोकाशी गेल्यावर एकदा वळून बघितलं. स्वल्पविराम जागेवर होता, आणि त्याच्याखालून कुणीतरी आत जात होतं.