पट्टीवरचा चिटोरा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, गल्लीत 'गुण्यामास्तर' म्हणून ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्या धाकाला किंवा गोडीगुलाबीला बळी न पडता हे मृत्युपत्र वकीलसाहेबांकडून लिहवून घेत आहे. काटकोन तपासायच्या हत्याराला आम्ही गुण्या म्हणतो, त्यावरून हे नाव पडलं. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मधे काही महिने ते ठिकाणावर नव्हतं, हे दाखल्यात नाही. वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, मालमत्तेपुरतंच बोला." मी प्रयत्न करतो आहे.

कलम एक. राहतं घर गच्चीसकट माझ्या पत्नीचं. ती आहे तोवर तिला कुणी "तुम्ही आतल्या खोलीत जा" म्हणू नये. तिच्यानंतर घर मुलाचं. बँकेत जे असेल तेही पत्नीचंच. किती आहे ते तिलाच ठाऊक.

कलम दोन. स्कूटर आणि घड्याळ मुलाला. कारखाना त्याला नाही. त्याने तो मागितलेलाही नाही, फक्त "जागा भाड्याने छान जाईल" असं जेवताना अधूनमधून म्हणतो. पोरगा वाईट नाही, लाकडाचा नाही एवढंच.

कलम तीन. समोरचा प्लायवूडवाला एकदा चारचौघांत म्हणाला होता, "तुमच्या हातापेक्षा माझं मशीन सरळ कापतं." वर्षभर मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला माझी न वापरलेली नवी करवत द्यावी. का, ते सांगू नये. पुढचं वाचून तुम्हाला कळेलच.

कलम चार. हत्यारं, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती आणि ती पाटी. पाटी म्हणजे काय ते वकीलसाहेबांनाही सांगावं लागलं. सपाट लाकडी पाटी, तिच्यावर आडवी ठोकलेली एक पट्टी. फळी त्या पट्टीला टेकवून धरायची, रंधा कुशीवर पाडायचा आणि फळीच्या टोकावरून ढकलायचा. पट्टी काटकोनात असेल तर फळीचं टोकही काटकोनात येतं. पट्टी चुकली, तर तिच्यावरून गेलेली प्रत्येक फळी तेवढीच चुकते. सगळ्या सारख्याच चुकल्यामुळे शेजारी शेजारी ठेवल्या तर शहाण्यासारख्या दिसतात.

ही पाटी मी ऐन उमेदीत केली. तिच्या जोरावर आयुष्यभर मिशीला पीळ भरला. दुसऱ्याच्या कामाला लगेच गुण्या लावायचो, पाटीला कधीच नाही. सगळं जिच्यावर तपासायचं, तिलाच काय तपासायचं? लाकूड वाळतं, सरकतं, हे गिऱ्हाइकांना मीच समजावत आलो. आपली पाटीही लाकडाचीच आहे, हे डोक्यातच आलं नाही.

माझी सून कारखान्यात माझ्याबरोबर काम करते. आधी फोन घ्यायला बसायची, मग फळ्या धरू लागली, मग रंधाच हातात घेतला. तिचा हात सावकाश चालतो. "अगं, गोगलगाय बरी," असं मी येता-जाता म्हणायचो. ती हसायची. पुढे तिने हसणं सोडलं, पण माझं लक्ष नव्हतं.

यंदा पाटी झाडताना पट्टीच्या टोकाशी चिकटवलेला कागदाचा चिटोरा दिसला. कचरा समजून मी तो खरवडून टाकला आणि दवाखान्याच्या औषधांच्या कपाटाचं काम घेतलं. ड्रॉवरच्या फळ्यांची टोकं मी रंधली, जोडणी सुनेने केली. कपाट पोचवायला दोघं गेलो, तर एक ड्रॉवर धड आत जाईना. बाकावर पेशंट बसले होते, डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी सुनेला म्हणालो, "सुताराच्या घरात आलं म्हणून कुणी सुतार होत नाही. झेपत नसेल तर स्वयंपाकघर बघ." तिने ड्रॉवर हातगाडीवर रचले. "परत करून आणते, बाबा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर नवा चिटोरा होता. आता मात्र मला शंका आली. दोन तुकड्यांची टोकं रंधली, एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवला. मधून उजेड दिसला नाही. चिटोरा काढून पुन्हा तेच केलं, तर नख आत जाईल एवढी फट. माझी वाकडी पाटी सून कागद लावून सरळ करत होती, तीही माझ्या नकळत. सांगितलं का नाही, म्हणून आधी मला तिचाच राग आला. मग आठवलं, ती सांगायला आली होती. "बाबा, पाटीला एकदा गुण्या लावून बघूया का?" मी म्हणालो होतो, "आधी स्वतःच्या कामाला लाव."

मी चिटोरा होता तसा चिकटवला आणि गप्प बसलो. ड्रॉवर चुकले याची लाज नाही, कामात चुका होतात. लाज याची, की कळल्यावरही मी तिला गोगलगाय म्हणत राहिलो. एकदम थांबलो असतो तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. ती ताटात वाढते तेव्हा माझी मान वर होत नाही.

कलम पाच. कारखाना आणि सगळी हत्यारं सुनेला, ~~ती कारखाना चालवत राहील या अटीवर~~. साक्षीदार म्हणून तिचीच सही घ्यावी असं माझ्या मनात होतं, म्हणजे तिला आपोआप वाचायला मिळालं असतं. वकीलसाहेब म्हणाले, जिला मिळायचं तिला साक्षीदार होता येत नाही. "मग तिला कळणार कधी?" मी विचारलं. "तुमच्या पश्चात." ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की कारखान्यातल्या बाकावरूनच तिला हाक मारली.

डॉक्टरीणबाई सहीसाठी आल्याच होत्या. त्यांच्यासमोर कलम चार मी स्वतः वाचून दाखवलं. मग म्हणालो, "सूनबाई, पाटी वाकडी होती. तुझं काम चोख होतं. माझं चुकलं."

तिने हातातला रंधा बाकावर ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मला दुसऱ्या कारखान्यात बोलावलंय, पहिल्या तारखेपासून. मी काल हो म्हटलं."

मी हातातला कागद वकीलसाहेबांकडे दिला.

"हे परवा बोलला असतात तर," ती म्हणाली, आणि डोळे पुसत बाहेर गेली. मी तिला थांब म्हणालो नाही. म्हणावंसं फार वाटत होतं.

कलम सहा. वरच्या कलमातली अट मी माझ्या हाताने खोडली आहे. वकीलसाहेब म्हणाले, "मग ती टाळंही लावेल, नाहीतर भाड्याने देईल." देऊ दे. कारखाना तिचा, ती थांबली तरी आणि गेली तरी. हत्यारांसाठी तर तिला माझ्या मरणाची वाट बघायला लावू नये. पहिल्या तारखेला जाताना तिने ती न्यावीत. मोठ्या रंध्याचं पातं मी आज घासून ठेवतो आहे, नव्या जागी पहिल्याच दिवशी तिची अडचण व्हायला नको.

ठिकाण: कारखान्यातलं बाक. तारीख: महिन्याची अठ्ठावीस.

साक्षीदार: दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही)

मृत्युपत्र करणार: गुण्यामास्तर (सही)
खोडलेल्या ओळीपाशी पुन्हा: गुण्यामास्तर (सही)