कापलेले काठ

प्रिय आन्सेल्म,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीनं. आज तू मला मुळीच प्रिय नाहीस.

परवा तुझ्या कलादालनातून घरी परतताना आईनं बंधाऱ्यापाशी गाडी थांबवायला लावली. ओहोटी होती, सगळा तांबडा चिखल उघडा पडला होता. मोठ्या ओहोळाला फाटे, फाट्यांना फाटे, त्यांनाही फाटे, आणि शेवटी काठाशी केसासारख्या बारीक रेघा. लहानपणी हे तूच पहिल्यांदा पाहिलंस. गुडघाभर चिखलातून ओरडत होतास, "आई, तोच ओहोळ इथं बोटाएवढा झालाय!" आई शिवण टाकून धावली, तुझ्याशेजारी ओणवी होऊन बघत राहिली. मग तुम्हा दोघांना वेडच लागलं. नेच्याच्या पानात पान, फ्लॉवरच्या गड्ड्यात गड्डा, खिडकीवरच्या बर्फात झाडं. मी कंटाळायचे, पण तुमचे चेहरे बघायला मला आवडायचं.

म्हणूनच तर तिनं तो ओहोळाचा गालिचा केला, तुझ्यासाठी. बाबांचे स्वेटर, माझा शाळेचा कोट, सगळ्याच्या पट्ट्या केल्या आणि सबंध हिवाळा गोणपाटातून आकडीनं एकेक टाका वर ओढला. काठाच्या रेघांसाठी लोकर इतकी बारीक कापली की संध्याकाळी तिची बोटं वळायची नाहीत. आणि तू? चौकटीत बसेना म्हणून चारी बाजूंनी वीतभर छाटून टाकलास! वर मला म्हणालास, "अगं ताई, काठाला नुसती गिचमिड होती." त्यानंतर पाहुण्यांपुढं उभं राहून सांगितलंस, "याला फ्रॅक्टल म्हणतात. यातल्या लहानात लहान तुकड्यातही सबंध आकृती असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जीभ कशी अडखळली नाही रे तुझी? ते लहान तुकडे तू केरात टाकले होतेस!

आईनं कापलेल्या कडेवरून हात फिरवला. एक टाका निसटून लोंबत होता, तो बोटानं आत खोचला. "आवडलं ना?" तू विचारलंस. "छान टांगलायस हो, पोरा," ती म्हणाली. गाडीत मी तुझा उद्धार करत होते, तर मलाच दटावलं, "पुरे, ओदिल. त्याला आपल्यापेक्षा कळतं." बंधाऱ्यावर मात्र काठाच्या त्या बारीक रेघांकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "खरंच गिचमिड झाली होती का गं?" मला रडू आलं, आणि त्याचा तुझ्यावर आणखी राग आला.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण तू पुढच्या प्रदर्शनासाठी तिचे बाकीचे गालिचे मागितलेस. आज दुपारी स्वयंपाकघरात गेले, तर टेबलावर बर्फाच्या नक्षीचा गालिचा पसरलेला आणि आई मोठ्या कात्रीनं त्याचा काठ कापत बसलेली. एक बाजू सबंध गेली होती. "आन्सेल्मला परत त्रास नको," म्हणाली, अगदी शांतपणे. कात्री मी हिसकावली, पण घरात सुऱ्या आहेत आणि माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेजारच्या लोरांच्या हाती हे पत्र देतेय. वाचलंस की गाडीत बस आणि ये. तिच्यासमोर बसून सांग, चुकलं ते तुझं. ती थांबेपर्यंत सांगत राहा.

तुझीच बहीण,
ओदिल