नळीत अक्षता नव्हत्या

अहो सुभाषचे बाबा,

साष्टांग नमस्कार आज नाही. उद्या खंडेनवमी आहे आणि मी लय आनंदात आहे, लय रागातही आहे. आनंद पचतो, राग पचत नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंत, अक्षर वेडंवाकडं. पण तुमच्या नेमाएवढं नाही!

आधी आनंदाचं. आपल्या नातीनं, पल्लवीनं, नेमबाजीत पदक आणलं! छर्ऱ्याचं पिस्तूल हो, क्लबातलं. सुभाषच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगीतल्या बायका विचारतात, "आजी, पोरगी कोणावर गेली?" सुभाष म्हणतो, "आजोबांवर." तुमच्यावर गेली असती तर समोरचा कागद कोराच राहिला असता!

काय ते तुमचं खिशात मावेल एवढं पिस्तूल! मळ्यात झेंडू तोडायलाही ते कमरेला. चोर काय झेंडू न्यायला येणार होता? दर दसऱ्याला बांधावर मडकं ठेवायचं, भावकी गोळा करायची, नेम धरून गोळी झाडायची, आणि मडकं जसंच्या तसं. तेच मी दुसऱ्या वर्षी परत द्यायची.

मग खोट कोणाची? दुकानातल्या काडतुसांची! म्हणून रिकाम्या पुंगळ्या घरीच भरायला लागलात. कायद्यात बसत नाही, सुभाषनं सांगितलं, ऐकलंत? माझ्या चहाच्या चमच्यानं बंदुकीची दारू मोजायची आणि तोच चमचा परत डब्यात! अहो, करंजीत सारण कमी-जास्त झालं तर एक चपटी राहते, एक तळणीत फुटते. तुमच्या पुंगळ्यांचं वेगळं काय होणार होतं?

तो दसरा आठवतो? घोडा दाबलात, नुसतं फुस्स झालं, गोळी नळीतच अडकली. तुम्ही पुन्हा दाबायला निघालात. मी ओरडले, "अहो, खाली ठेवा ते!" म्हणून हात वाचला.

दुसऱ्या दिवशी नाशकात बंदुकांच्या दुकानात दाखवून आलात आणि ओट्यावर भावकीसमोर काय सांगितलंत? "हिनं पूजेत अक्षता टाकल्या, त्या नळीत गेल्या. बाईच्या हाताला शस्त्र मानवत नाही." जाऊबाई लगेच म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते!"

तेव्हापासून खंडेनवमीला मी कोयता पुजायचा, विळा पुजायचा, विहिरीची मोटार पुजायची. पिस्तुलाचं ताट निघालं की मी चुलीपाशी. एकदा तरी मागं वळून बघितलंत का हो?

परवा सुभाष ते पिस्तूल कायमचं जमा करायला त्याच दुकानात गेला, पल्लवी बरोबर होती. दुकानदारानं ओळखलं. म्हणाला, "बाबांना मी तेव्हाच बजावलं होतं. घरी भरलेलं काडतूस, दारू कमी पडली, म्हणून गोळी अडकली. वर दुसरी मारली असती तर बोटं गेली असती."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! एस्टीतून येताना ठाऊक, ओट्यावर बोलताना ठाऊक! आजारपणात मी पाय चेपत बसायची, तेव्हा तरी सांगायचंत. कोणी ऐकायलाही नव्हतं.

पल्लवीला विचारलं, "मग नेम का चुकायचा गं?" ती म्हणाली, "आजी, एवढंसं ते पिस्तूल. हात तिळाएवढा हलला तरी लांबवर वीतभर फरक पडतो. त्यात काडतुसात दारू कमी-जास्त. आणि आजोबा घोडा दाबायचे कुठं, कांदा उपटल्यासारखा ओढायचे!" मी इतकी हसले की ठसका लागला. मग रडले. मग परत राग आला.

जाऊबाईंना फोन लावला. सगळं ऐकून म्हणतात, "जाऊ दे गं, माणूस गेलं आता." माणूस गेलं, पण माझ्यावरचा आळ कुठं गेला?

तर ऐका. उद्या पाटावर पल्लवीचं पिस्तूल मांडायचंय. "आजी, पूजा तूच करायची," असं तिनं बजावलंय. भावकीला निरोप धाडलाय, जाऊबाईही येतात. दुकानदाराचं बोलणं पल्लवी सगळ्यांसमोर सांगणार. मग मी मूठ भरून अक्षता वाहीन. मग ती बांधावरच्या मडक्याला कागद चिकटवून नेम धरील.

तुमच्या फोटोला हार मिळेल, आपल्याच मळ्यातला, पण सगळं झाल्यावर. तोवर फोटोचं तोंड बांधाकडं करून ठेवीन, हे माझं वचन. नीट बघा.

तुमचीच मंडळी,
सगुणा