अकरा क्रमांकाचं पाणी

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार

आज रुजू झाले. गोरेगावहून सुटलेली बस आरे कॉलनीत शिरली, गोठ्यांचा वास आला आणि मला हसू फुटलं. मुंबईत नोकरी लागली आणि जायचं रानातून. संस्था गोठ्यांच्या पलीकडे झाडीत आहे. फाटकावर ‘पशू संशोधन’ एवढंच लिहिलेलं. माझं पद लघुलेखिका, मराठी, मिनिटाला शंभर शब्द.

राहायला खोली मिळाली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. कांदिवलीला आम्ही सहा जण एका खोलीत झोपतो. इथे हात पसरता येतात. दुपारी दोनदा आडवी होऊन खात्री केली.

शेजारच्या खोलीत कुंदाताई राहतात. वरिष्ठ लिपिक, वीस वर्षं नोकरी. त्यांनी मला पोहे दिले आणि विचारलं की लग्न ठरेपर्यंत आलीस की टिकणार आहेस. मी म्हटलं, टिकणार. त्या म्हणाल्या, बघू या.

झाडलोट करणारी शेवंती जवळच्या पाड्यावरची. ओल्या लादीवर माझा पाय पडला तर म्हणाली, “डोळे काय पिशवीत ठेवलेत, बाय?” पहिल्याच दिवशी! मला ती आवडली.

६ ऑक्टोबर

काम शिकते आहे. कुंदाताईंनी आज सांगितलं की इतिवृत्त बैठकीनंतर लिहायचं नसतं. आधी लिहायचं. कार्यक्रमपत्रिका आली की मसुदा टाइप करून ठेवायचा, बैठकीत वेळ आणि नावं भरायची, उठताना सह्या घ्यायच्या. कोणी तक्रार केली तर ‘सूचना केली’. कोणी इशारा दिला तर ‘माहिती दिली’. शेवटी नेहमी ‘सभेने नोंद घेऊन समाधान व्यक्त केले’. मी विचारलं, आणि समाधान झालं नाही तर? त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

दुपारी शेवंती रिकामा हंडा घेऊन संचालकांच्या दारात उभी राहिली. पाड्याला संस्थेने नळ दिला आहे, पण तो दोनच तास येतो. तिने हंडा दारावर तीनदा आपटला. संचालक बाहेर आले, हसले, म्हणाले, लवकरच दिवसभर येईल. ती म्हणाली, लवकर म्हणजे कोणाच्या बापाच्या वर्षी? सगळं ऑफिस खिदळलं.

९ ऑक्टोबर, रविवार

घरी जाऊन आले. अण्णा तसेच. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते साच्यावर, कापड विणायला होते. आता वीस महिने घरात. गिरणीचं नाव निघालं की ताट सरकवतात. आज कोणी शेजारी म्हणाले, आता पदरात पडेल ते घ्यावं. अण्णांनी त्यांना जिना उतरेपर्यंत ऐकवलं. आई म्हणते, हा राग एक दिवस घर जाळील. मला तसं वाटत नाही. वीस महिने ते उभे आहेत ते रागावरच. माझ्याशी मात्र मऊ बोलले. “सरकारी नोकरी गावली तुका. आता ताठ बस.”

११ ऑक्टोबर

डॉ. शरच्चंद्र वैशंपायन यांनी आज गोठ्यात नेलं. इथले मुख्य शास्त्रज्ञ. बारीक, साठीकडे झुकलेले, शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं. एका म्हशीजवळून तिचं चार दिवसांचं रेडकू ओढून नेलं गेलं. ती हलली नाही. दावं ताणलं नाही. हंबरली नाही. समोरचा कडबा खात राहिली.

मी म्हटलं, गरीब आहे. डॉक्टरांनी माझा हात तिच्या मानेवर ठेवला. कातडीखाली काहीतरी दणदण धावत होतं. डोळे पांढरे झाले होते.

ते म्हणाले, पाण्यातून दिलं. वास नाही, चव नाही. चौथ्या दिवशी राग जातो. फक्त राग. भीती जात नाही. दुःख जात नाही. कळतं सगळं. हिसका देता येत नाही, एवढंच.

लाथाड्या जनावरांचं दूध काढायला सोपं जावं म्हणून हे काम सुरू झालं असं त्यांना सांगितलं होतं. नऊ वर्षं तेच खरं मानलं. आता दिल्लीहून माणसं येऊन विचारतात, एका टाकीला किती लागेल. टाकी म्हणजे म्हशींची नव्हे.

त्यांनी पुढाऱ्यांची बैठक मागून घेतली आहे. मला म्हणाले, माझा शब्दन् शब्द घे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

पेन कागदात रुततं आहे. रागाने. हे लिहून ठेवते.

बैठक अतिथिगृहात झाली. खिडक्या बंद, शिपाई बाहेर. दोन पुढारी, संचालक, डॉक्टर आणि कोपऱ्यात मी. दोघे दोन पक्षांचे. सभागृहात एकमेकांच्या अंगावर धावून जातात म्हणून वर्तमानपत्रं छापतात. इथे एकाच ताटलीतली कांदाभजी खात होते.

डॉक्टर चाळीस मिनिटं बोलले. अकरा क्रमांकाचं हे द्रव्य म्हणजे शस्त्र आहे. एका उपनगराच्या टाकीला एक पिंप पुरेल. चौथ्या दिवशी त्या उपनगरात एकही माणूस आपला हात सोडवून घेणार नाही. घरात शिरलेल्याला कोणी बाहेर काढणार नाही. बायका ओरडणार नाहीत. उतारा नाही. एकदा गेलेला राग एकाही जनावरात परत आलेला नाही. हे आजच नष्ट करा, माझी टिपणंही जाळा.

पहिल्याने विचारलं, माणसं काम करू शकतात का? डॉक्टर म्हणाले, करतात, नीट करतात, हेच तर भयंकर आहे. दुसऱ्याने विचारलं, मत देऊ शकतात? पहिला हसला. मग विचारलं, गिरणगावाला किती पिंपं लागतील. आणि हसत म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही घाबरवायला आलात की विकायला?”

डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली. ताटली उडाली. ते ओरडले की तुम्हाला इशारा देतो आहे, इशारा. संचालकांनी त्यांना खाली बसवलं. पाणी दिलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मग संचालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उठले, मसुदा पुढे ठेवला. मीच काल टाइप केलेला. ‘डॉ. वैशंपायन यांनी माहिती दिली. सभेने नोंद घेऊन समाधान व्यक्त केले.’ दोघांनी सह्या केल्या. सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं. माझ्या या बोटाने.

१५ ऑक्टोबर

डॉक्टर सकाळी येऊन हळूच सांगून गेले. खरी बैठक आता फक्त माझ्या वहीत आहे. ती मी साध्या अक्षरांत उतरवायची, ते वर्तमानपत्राकडे नेतील. लघुलेखनाच्या खुणा दुसऱ्या कोणाला वाचता येत नाहीत. प्रत्येकीचं वळण वेगळं. पंधरा दिवस गेले की माझ्या मलाही अडखळायला होतं.

उद्या दसरा. सुट्टीत बसून उतरवता आलं असतं. पण त्या खोट्या कागदाने मला झोप नाही. आधी तो दुरुस्त झाला पाहिजे. मी टिपण लिहिलं. ‘इतिवृत्तात डॉ. वैशंपायन यांचा इशारा नोंदला गेलेला नाही. मूळ शब्द माझ्या वहीत उपलब्ध आहेत. दुरुस्तीस मान्यता मिळावी.’ खाली सही. योग्य मार्गाने, कुंदाताईंच्या हस्ते, संचालकांकडे.

कुंदाताईंनी ते वाचलं. “अगं येडे, रागसुद्धा अर्ज करून मागतेस?” त्या म्हणाल्या, फाडून टाक. मी म्हटलं, मी ताठ बसणार आहे. त्यांनी शिक्का मारला.

१७ ऑक्टोबर, सोमवार

संचालकांनी बोलावलं. मला वाटलं, ओरडतील. बसा म्हणाले. टिपणाची भाषा चांगली आहे म्हणाले. वही मागितलीसुद्धा नाही. नुसतं विचारलं, ती आणखी कोणाला वाचता येते? मी तोऱ्यात सांगितलं, जगात कोणालाही नाही, फक्त मला. ते मान हलवत राहिले. तांब्यातून मला पाणी ओतून दिलं. घसा कोरडा पडला होता. प्याले. रोज अकराला पत्र घ्यायला या म्हणाले.

डॉक्टरांची खोली बंद आहे. रजेवर, म्हणे.

१९ ऑक्टोबर

पाड्यावरचा नळ शनिवारपासून दिवसभर येतो.

मी आज मुद्दाम चिखलाच्या चपलांनी ओल्या लादीवरून गेले. शेवंतीने वर पाहिलं नाही. माझ्या पावलांमागून फडकं फिरवत आली. तिला म्हटलं, बोल ना गं काहीतरी. ती फडकं पिळून पुढची लादी पुसायला लागली.

दुपारी पाड्यावर गेले. गोदामासाठी सहा झोपड्या काढायच्या आहेत. पोलीस नाहीत, गाडी नाही. संस्थेचा एक माणूस कागद घेऊन उभा. बायका आपापल्या झोपड्या स्वतःच काढत होत्या. वासे उपटून नीट रचत होत्या. शेवंतीचं पोर दोन वर्षांचं, उन्हात पडून रडत होतं. तिने एक वासा खांद्यावर घेतला आणि विचारलं, कुठे ठेवू?

तिच्या डोळ्यांत मी म्हैस पाहिली.

मी त्या माणसावर ओरडले. नालायक म्हटलं, भडवा म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. सहाही बायका थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, मी कुठल्या तरी लांबच्या भाषेत बोलत असल्यासारख्या.

हरामखोर. त्या दोघांनी इशारा ऐकला आणि त्यातून पद्धत उचलली. किती दिवस, किती पाणी. सगळं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं होतं.

२० ऑक्टोबर

वही उतरवते आहे. चार पानं झाली. ऑफिसातलं पाणी बंद केलं. कुंदाताईंना सांगितलं. त्यांनी माठ पालथा घातला आणि त्या विहिरीकडे गेल्या.

फक्त अकराला संचालकांकडे जावं लागतं. ते पाणी पुढे करतात. मी आज नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं. मग पत्र सांगायला लागले. पेला तसाच समोर. पत्र संपलं तेव्हा तो रिकामा होता. मी प्याले असणार. आठवत नाही कधी. त्यांनी फक्त एकदा म्हटलं होतं, घ्या.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टर परत आले. खुर्चीत बसले होते. शर्टाचं बटण उघडं. मी दार लावून सांगितलं, सात पानं झाली, परवा देते. ते म्हणाले, आता आवश्यकता नाही. शांतपणे. गालावरून घाम वाहत होता. मी त्यांचं मनगट धरलं. तिथे तेच. दणदण.

त्यांनी ओठ हलवले. मला वाटतं ते म्हणत होते, पळ. आवाज आला नाही. संचालक आत आले तर डॉक्टर उठून उभे राहिले.

मी ओरडायला हवं होतं. नंतर ओरडू असं वाटलं.

सोमवार. मंगळ, बुध, गुरू. आज शुक्रवार.

२२ ऑक्टोबर

अकरा पानं पूर्ण. अण्णांना द्यायची. अण्णा ओरडतील, युनियनमध्ये नेतील, वर्तमानपत्राच्या दारात जाऊन बसतील. अण्णांना कोणी गप्प करू शकलेलं नाही.

निघाले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, आज बाहेर नाही. मी म्हटलं, बरं.

बरं म्हटलं मी. परत आले. पिशवी खाली ठेवली. छातीत इतकं धडधडतं आहे की अक्षर—

राग आणून पाहिला. त्या दोघांचे चेहरे आठवले. भजी आठवली. शेवंतीचा वासा. काही आलं नाही. फक्त भीती. मोकळ्या घरासारखी, दारं नसलेली—

२३ ऑक्टोबर, रविवार

संचालक खोलीत आले. कागद मागितले. दिले. अकराही. मोजून दिले, क्रमाने लावून, टाचणी मारून.

वही म्हणाले राहू दे. वाचून दाखवशील का कोणाला? नाही म्हटलं.

कुंदाताईंची खोली रिकामी. काल विहिरीवर गेल्या त्या परत आल्या नाहीत. की पळून गेल्या? गेल्या असतील. देव करो, गेल्या असोत—

२४ ऑक्टोबर

अण्णा आले.

रविवारी घरी गेले नाही म्हणून. फाटकावरून आवाज ऐकला. “माझ्या चेडवाक भेटूक चिठी कित्याक व्हयी?” पहारेकऱ्याला ढकलून आत आले. किती मोठा आवाज. सगळी खोली भरली. मला रडू आलं, बरं वाटलं म्हणून—

मला पाहून थांबले. काय झालं गो, म्हणाले. कोणी काय केलं, नाव सांग. मी नाव सांगणार होते. सांगणार—

संचालक आले. हसत. अण्णांना बसवलं. उन्हातून चालत आलात म्हणाले. अण्णा त्यांनाही बोलले. पोरीला काय केलंत, म्हणाले. बोलता बोलता घसा बसला.

संचालकांनी पेला भरून दिला.

मला माहीत होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. हात पुढे केला की पेला खाली. एवढंच. हात खाली होता. जड नव्हता. कोणी धरला नव्हता. नुसता—

अण्णा एका दमात प्याले. मग म्हणाले, अजून आसा काय?

संचालकांनी तांब्या उचलला. माझ्याकडे पाहिलं. तूच दे, म्हणाले, वडील आहेत तुझे.

तांब्या माझ्या हातात. अण्णांनी पेला पुढे केला. मी