हाउएव्हरच्या पुढची मोकळी जागा

४ फेब्रुवारी १९९६, रविवार
खात्याची परीक्षा तोंडावर. पेपर इंग्लिश निबंधाचा. दोनदा नापास झालो, तो तपासणाऱ्यांचा खडूसपणा. ही तिसरी अन् शेवटची संधी. पास झालो तर इथं बेलापूरच्या ऑफिसात सीनियर क्लार्क म्हणून कायम. नाहीतर परत जुन्या जागी, दहिवडीला. बायको, उज्वला, नेरूळच्या शाळेत आत्ताच पर्मनंट झालीय, ती काय नोकरी सोडून यायची नाही. पण तो प्रश्नच येत नाही. मला गोम कळलीय. निबंधाला जोडशब्द लागतात. हाउएव्हर, मोरओव्हर, नेव्हरदिलेस. ते पेरले की मधलं कोण वाचतंय?

९ फेब्रुवारी
सगळे जोडशब्द पाठ. उज्वलाला म्हणून दाखवले. मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, हाउएव्हर झालं, पुढं काय? म्हटलं, पुढचं ऐनवेळी येतं. तिनं मेथीची पुढची जुडी ओढली. आधी भांडायची. हल्ली भांडत नाही. अभ्यासाला शांतता लागते हे तिला पटलेलं दिसतंय.

१३ फेब्रुवारी
मेथड सापडली. ऑफिसात अख्खं पत्र लिहितो कोण? सायक्लोस्टाइल नमुना असतो, जागा सोडलेल्या. नाव, गाव, विषय भरला की पत्र सुटलं. जन्म गेला त्यात. निबंधालाही तेच. आधी जोडशब्द, मग भरती. साहेबांना सांगितलं. हातातलं पेन खाली ठेवलं त्यांनी. इम्प्रेस झाले असणार. मग विचारलं, दहिवडीचं घर अजून आहे ना. मायेनं चौकशी करतात.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
पेपर झकास. विषय, ज्याच्यावाचून माझं अडतं असा माणूस. उज्वलाच घेतली. चार पानांवर जोडशब्द मांडले, पट्टीनं रेघा मारून. प्रत्येकापुढं ऐसपैस जागा. मग भरायला बसलो. ऑन द वन हँड, उज्वला. तिला काय आवडतं तेच आठवेना. इंग्लिशमध्ये नाहीच, मराठीतही नाही. घंटा झाली. असो. सांगाडा बघून जाणकाराला अंदाज येतो. ऑफिसातली प्रेमला पुढच्या बाकावर होती, तिची जेमतेम दोन पानं.

२२ एप्रिल
पोपट शिपाई टेप लावून माझं टेबल मोजून गेला. एरवी हसतो, आज मान वर केली नाही. मोठं टेबल येतंय तर. प्रेमला माझ्या खिडकीशी उभी राहून ऊन कुठवर येतं ते बघत होती. बायकांना कशात इंटरेस्ट असेल सांगता येत नाही.

६ मे
उज्वलानं माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसली, गॅलरीत उन्हाला ठेवली. सीनियर झालो की मोठी जागा घ्यायचं ठरलेलंच आहे. न सांगता तयारीला लागली. पीसीओवरून माझ्या आईला दहिवडीला फोनही करून आली. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाली, आईंची तब्येत विचारली. सरप्राइज असणार.

२० मे
रिझल्ट. मी नापास. प्रेमला पास. साहेब खाली बघत म्हणाले, तपासणाऱ्याचा निरोप आहे, निबंध सुरू व्हायची वाट बघून ते दमले. मेथड कळायला माणूसही तसा लागतो. वर अर्ज करीन. टेबल प्रेमलाचं झालं. तिला बसतंय बरोब्बर.

१३ जून, सकाळ
अर्जाला उत्तर नाही. उद्या दहिवडीला हजर व्हायचंय. बॅग भरून दाराशी. उघडून बघितली. लेंगे, शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, दाढीचं सामान. तिची एकही साडी नाही. खालपर्यंत हात घालून बघितलं.

विचारलं तर उज्वला शांतपणे म्हणाली की दोघांचं सामान भरायचं कधी ठरलं होतं? बस साडेदहाला आहे, डबा वर ठेवलाय. तिच्या शाळेचा आज पहिला दिवस. चप्पल घालायला लागली.  

हाउएव्हर, म्हणालो.

ती थांबली. एक पाय चपलेत, हात कडीवर, बघत राहिली माझ्याकडं.  पुढचं काही सुचलं नाही.

मग शाळेला गेली.