आईचे वाढणे

पुणे, ऑगस्ट १९३४

तीर्थरूप आईच्या पायांवर काशीचे डोके.

येसादादा, हे आईला मोठ्याने वाचून दाखव.

आई, आज मी वर्गात मुलींना ‘हीप्स ऑफ’ हा इंग्रजी शब्दप्रयोग शिकवला. म्हणजे ढीगभर. त्यांना कळेना, म्हणून तुझे वाढणे सांगितले. मी शिकायला परत निघताना ताटावर हात आडवा धरला तरी तू बाजूने भात घालायचीस, वर मूठभर ओले खोबरे, आणि म्हणायचीस, “गप खा, दिघीच्या होडीत भूक लागंल.” मुली हसल्या. बी. ए. झालेल्या त्यांच्या बाई, म्हणजे तुझी काशी, मात्र फळा पुसायला वळली.

खाणावळीत वाटीने मोजून भात मिळतो. पुरतो मला, काळजी नको. पण दादा लिहितो, तू दोन घासांतच उठतेस. का गं?

दिवाळीला येते. तेव्हा मी वाढीन, आणि तू हात आडवा धरायचा नाहीस.

तुझीच,
काशी